हामाची तहान

इस्लामपूर्व अरबस्तानात एका पक्ष्याविषयी समजूत होती. माणसाचा खून झाला आणि त्याचा बदला घेतला गेला नाही, तर मृताच्या डोक्यातून एक पक्षी बाहेर पडतो, अशी ती समजूत. हा पक्षी कबरीवर बसतो आणि ओरडत राहतो: मला पाजा, मला पाजा! त्याला पाणी नको असते. मारेकऱ्याचे रक्त हवे असते. ते मिळेपर्यंत त्याचा घसा कोरडाच राहतो आणि मृताच्या नातेवाइकांना झोप लागत नाही. या पक्ष्याला अरब ‘हामा’ म्हणत, काही जण ‘सदा’ म्हणत. ‘सदा’ या अरबी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तहान आणि दुसरा प्रतिध्वनी. सूडाचे यापेक्षा नेमके वर्णन शोधून सापडणार नाही.

ही समजूत ज्यांनी लिहून ठेवली त्यांत अल-मसऊदी हे एक महत्त्वाचे नाव. ‘मुरूज अल-जहब’ या ग्रंथात अरबांच्या आत्म्याविषयीच्या कल्पना सांगताना तो हामाचे वर्णन करतो. हा पक्षी आधी लहान असतो, मग वाढत वाढत घुबडाएवढा होतो आणि ओसाड जागी, थडग्यांपाशी राहतो, असे तो सांगतो. मराठी वाचकाला या मसऊदीविषयी थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 च्या सुमारास, तो आपल्या कोकणात आला होता. सैमूर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल, येथे त्या काळी सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, अशी नोंद त्याने केली आहे. शिलाहार राजा झंझ याचा तो काळ. रीतीभाती, समजुती आणि श्रद्धा टिपत हिंडणाऱ्या या माणसाने हामाची कथा अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकली नाही, नोंदवून ठेवली. त्यामुळेच आज आपण तिच्यावर विचार करू शकतो.

फाशांचा खेळ आणि शाप

हामा आज कुठे आहे, असे कोणी विचारले तर त्याचे एक उत्तर थोडे अनपेक्षित आहे. तो तरुणांच्या खेळात आहे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र होतो, एक जण कथा पुढे नेतो आणि संकटाचा निकाल फाशावर ठरतो. आता हा खेळ जगभर खेळला जातो. 1992 मध्ये ‘अल-कादिम’ या नावाने त्याची अरबी कथांच्या वळणाची आवृत्तीही निघाली.

या खेळात सूडाचा शाप हा नेहमीचा प्रसंग आहे. ‘रिव्हेनंट’ नावाचे एक भूत त्यात आहे. अन्यायाने मारला गेलेला माणूस आपल्या मारेकऱ्याच्या मागे लागतो. त्याचे शरीर नष्ट केले तरी तो दुसऱ्या प्रेतात शिरून परत येतो. 2014 च्या नियमांप्रमाणे त्याला सूडासाठी एका वर्षाची मुदत असते. पात्रावर शापाचा अंमल बसू लागला की खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. आकडा पुरेसा आला तर पात्र शापातून सुटते. नाही आला तर त्या पात्राला त्या शापाच्या तंत्राने वागावे लागते. शाप उतरवण्याचा मंत्रही असतो आणि तो जाणणारा एखादा धर्मगुरू बहुधा त्या मंडळींतच असतो.

हा पोरखेळ म्हणून सोडून देण्यापूर्वी त्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. फासा टाकणाऱ्या खेळाडूला ठाऊक असते की, हा राग माझा नाही, माझ्या पात्रावर बसलेल्या शापाचा आहे. पात्राला मात्र ते ठाऊक नसते. त्याला वाटते, आपण आपले कर्तव्य करतो आहोत. शापाचा प्रतिकार कुठून सुरू होतो, तर या दोघांमधल्या अंतरातून. हाक आणि कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणाला तरी दिसावे लागते. सहाव्या शतकातल्या अरबस्तानात हे अंतर कुणाजवळ होते? फासा नसताना, मंत्र नसताना माणसांनी हामाचा प्रतिकार केला का, आणि केला तर कसा? या लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

एक सावधगिरी सुरुवातीलाच बाळगली पाहिजे. जाहिलियाच्या काळातल्या बहुतेक कथा दोन-तीन शतके तोंडी फिरल्या आणि मग अब्बासी काळात लिहिल्या गेल्या. त्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. पण समाज स्वतःविषयी कोणत्या कथा जपून ठेवतो, हाही इतिहासच असतो.

कौल नाकारणारा राजपुत्र

इम्रउल कैस हा अरबी काव्यातला थोर कवी. किंदा राजघराण्यातला. त्याच्या बापाला, हुज्रला, बनू असद टोळीने मारले. बातमी आली तेव्हा हा राजपुत्र मद्याच्या बैठकीत होता. त्याने शपथ घेतली: सूड उगवेपर्यंत मांस खाणार नाही, मद्य पिणार नाही, केसांना तेल लावणार नाही, स्त्रीजवळ जाणार नाही. अशा शपथा त्या काळी सर्वत्र घेतल्या जात. सुतकाचा आणि सूडाचा तो एकच पोशाख होता. सूड पुरा होईपर्यंत माणूस धड जिवंत नसे, धड मेलेलाही नसे. हामा कबरीवर बसलेला असतो असे म्हणत, पण खरे तर तो वारसाच्या मानेवर बसलेला असे.

मोहिमेवर निघताना इम्रउल कैस तबाला येथील जुल-खलसा या दैवताकडे कौल लावायला गेला. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात, तसेच हे. तिथे तीन बाण असत. एक ‘कर’ म्हणणारा, दुसरा ‘करू नको’ म्हणणारा आणि तिसरा ‘थांब’ म्हणणारा. त्याने बाण काढला. ‘करू नको’ आला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा त्याने बाण मोडले, मूर्तीच्या तोंडावर फेकले आणि तिला सुनावले की, तुझा बाप मारला गेला असता तर तू मला अडवले नसतेस. मूर्तींवरील आपल्या ग्रंथात इब्नुल कल्बीने हा प्रसंग दिला आहे.

कथा मोठी बोलकी आहे. दैवाचा कौल तीनदा बाजूने पडला होता. खेळाच्या भाषेत सांगायचे तर फाशाने त्याला शापातून सोडवले होते. पण सुटायचेच नसेल तर फासा काय करणार? पुढे तो या राजाकडून त्या राजाकडे मदत मागत फिरला. शेवटी बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या दरबारी गेला आणि परतताना अंकाराजवळ मेला, असे परंपरा सांगते. बापाचे राज्य त्याला कधीच परत मिळाले नाही.

या माणसांना रानटी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. वाळवंटात राज्य नव्हते, कोतवाल नव्हता, तुरुंग नव्हता. माणूस जिवंत राहायचा तो एकाच भीतीच्या जोरावर. याला मारले तर याची टोळी आपल्याला सोडणार नाही, ही ती भीती. सूडाची प्रथा हे त्या समाजाचे पोलीस खाते होते. हामा ही त्या खात्याची वसुली करणारी हाक होती. वारसाने हाक ऐकली नाही तर टोळीचा धाक संपला आणि धाक संपला की टोळीतले प्रत्येक मूल उघडे पडले. म्हणून तर बायका शोककाव्य रचून भावांना आणि मुलांना चेतवत. दोष हाकेत नव्हता. दोष हा होता की, ती हाक थांबवण्याची सोय प्रथेत नव्हती. एका मृताची तहान भागली की समोरच्या टोळीत नवा पक्षी जन्माला येई.

एका उंटिणीचे चाळीस वर्षांचे मोल

बसूसच्या युद्धाची कथा अरबी मुलांना तोंडपाठ असते. बक्र आणि तगलिब या भाऊबंद टोळ्या. तगलिबचा प्रमुख कुलैब मोठा गर्विष्ठ. त्याच्या राखीव कुरणात कुणाचे जनावर शिरता कामा नये. त्याची बायको जलीला बक्र टोळीतली. तिच्या भावाचे, जस्सासचे, घर जवळच. जस्सासची मावशी बसूस त्याच्याकडे राहायला आली होती. तिच्या आश्रयाला असलेल्या माणसाची उंटीण कुरणात शिरली. कुलैबने बाण मारला, तो तिच्या कासेत लागला. दूध आणि रक्त गाळत उंटीण परत आली. बसूसने आकांत केला. पाहुण्याचा अपमान तो आपला अपमान, म्हणून जस्सासने कुलैबला गाठून ठार केले. तिथून जे युद्ध पेटले ते परंपरेप्रमाणे चाळीस वर्षे चालले. काळ पाचव्या शतकाचा शेवट आणि सहाव्याची सुरुवात.

या कथेतली दोन माणसे मला जस्सास आणि कुलैबपेक्षा महत्त्वाची वाटतात. पहिली जलीला. मेलेला तिचा नवरा, मारणारा तिचा भाऊ. नवऱ्याच्या घरी शोकाला बसली तर तिथल्या बायकांनी तिला हुसकून लावले. मारेकऱ्याच्या बहिणीने इथे रडू नये! तिने कोणत्या बाजूने सूड मागावा? तिच्या पोटात कुलैबचे मूल होते. तो मुलगा, हिज्रिस, मामाच्या घरी वाढला, मोठा झाला आणि बापाचा मारेकरी कोण हे कळल्यावर त्याने त्याच मामाला मारले, असे एक रिवायत सांगते. ज्या हाताने भरवले तो हातच कापून टाकला. सूडाच्या हिशेबात जलीलासाठी रकाना नव्हता.

दुसरा माणूस म्हणजे अल-हारिस बिन उबाद. हा बक्र टोळीचा, पण युद्धापासून अलिप्त राहिला. या भांडणात माझा ना उंट, ना उंटीण, अशी त्याची भूमिका होती. कुलैबचा भाऊ मुहलहिल बक्रची माणसे कापत सुटला तेव्हा हारिसने एक विलक्षण गोष्ट केली. त्याने आपल्या घरातला बुजैर नावाचा तरुण मुहलहिलकडे पाठवला. काही कथांत तो हारिसचा मुलगा आहे, काहींत पुतण्या. निरोप असा की, याला मारायचे असेल तर मार, पण कुलैबचा हिशेब यात पुरा झाला असे समज आणि टोळ्यांत सलोखा होऊ दे. मुहलहिलने बुजैरला मारले आणि म्हणाला, हा तर कुलैबच्या वहाणेच्या वादीच्या बदल्यात गेला.

हारिसने आयुष्यभर हामाचा प्रतिकार केला होता. पण त्या एका वाक्याने तो कोसळला. त्याने घोडी मागवली, तिची आयाळ कापली आणि युद्धात उतरला. मुहलहिलचा पाडाव शेवटी त्याच्यामुळेच झाला. एकट्याच्या चांगुलपणावर हामा थांबत नाही, हे या कथेचे मर्म आहे. हारिसने दिलेली किंमत अमाप होती, पण ती किंमत आहे असे मानायला समोर कोणी तयार नव्हते, आणि ते मानायला भाग पाडील अशी कोणतीही व्यवस्था मधे उभी नव्हती.

भरपाई करणारे दोघे

सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्स आणि जुब्यान या टोळ्यांत दाहिस आणि गबरा या दोन घोड्यांच्या शर्यतीवरून युद्ध पेटले. शर्यतीत दगा झाला, मग खून, मग खुनाचा खून. इथे मात्र शेवट वेगळा झाला. जुब्यानच्या बाजूचे दोन पुढारी, हरिम बिन सिनान आणि अल-हारिस बिन औफ, पुढे आले. दोन्ही बाजूंचे मृत मोजले. ज्या बाजूचे जास्त मेले त्या जादा मृतांची दियत, म्हणजे रक्तमूल्य, स्वतःच्या कळपांतून द्यायचे कबूल केले. तीन हजार उंट, तीन वर्षांत, असा आकडा परंपरेत येतो. त्यांनी स्वतः त्यातला एकही खून केलेला नव्हता. कवी जुहैरने आपल्या मुअल्लकेत या दोघांना अमर केले आहे. सूडावर पोसलेल्या काव्यपरंपरेत सलोखा घडवणाऱ्यांची स्तुती हीच एक क्रांती होती.

पण सलोखा होत असतानाच हुसैन बिन दमदम नावाच्या माणसाने घात केला. त्याचा भाऊ मारला गेला होता आणि बदला घेतल्याशिवाय डोके धुणार नाही, अशी त्याची गुप्त शपथ होती. अब्सचा एक माणूस हाती लागताच त्याने त्याला मारले. अब्सचे लोक शस्त्रे घेऊन निघाले. तेव्हा हारिस बिन औफने शंभर उंट पाठवले आणि त्यांच्यासोबत स्वतःचा मुलगा पाठवला. निरोप होता, तुम्हाला दूध हवे की जीव हवा, निवडा. बसूसच्या युद्धात बुजैरला पाठवले होते, तोच हा प्रसंग. पण या वेळी अब्सच्या पुढाऱ्याने उंट घेतले, मुलगा परत पाठवला आणि सलोखा पुरा केला.

दोन हारिस, दोन मुले, एकच धाडस. एकदा मुलगा मेला, एकदा वाचला. फरक कुठे पडला? दुसऱ्या वेळी भरपाईची वाट आधीच घातलेली होती. हजारो उंटांचा करार झाला होता, तो पाळणारी प्रतिष्ठित माणसे मधे होती, आणि नवा खून त्या हिशेबात बसवता येत होता. समोरच्या माणसाचे मनही मोठे होते, हे खरेच. पण मोठ्या मनाला टेकायला काहीतरी लागते.

पक्षी नाही, आणि कर्ज माफ

या पार्श्वभूमीवर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे काम पाहिले पाहिजे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक वचन आहे. त्यात अज्ञानयुगातल्या काही समजुती एका दमात नाकारल्या आहेत. अपशकुन नाही आणि हामाही नाही. काही भाष्यकारांनी इथे हामाचा अर्थ छपरावर बसणारे अपशकुनी घुबड असा केला आहे, काहींनी मृतात्म्याचा पक्षी असा. पण दुसरा अर्थ घेतला तर हे वचन केवळ अंधश्रद्धेविरुद्धचे राहत नाही. कबरीवर कोणी ओरडत नाही, मृताला रक्ताची तहान नसते, हे सांगणे म्हणजे वारसाच्या मानेवरचा पक्षी उडवून लावणे होते.

तरी पक्षी नाही एवढे सांगून भागत नाही, याची जाण त्यांच्या प्रत्येक कृतीत दिसते. हिजरतीनंतर मदीनेत जो करार झाला त्यात प्रत्येक कुळाने आपल्या माणसांची दियत एकत्रितपणे भरायची, असे कलम आहे. कुरआनने किसास, म्हणजे जशास तसे, हा हक्क काढून घेतला नाही. पण त्याला मर्यादा घातली: मारेकऱ्याऐवजी दुसऱ्याला मारायचे नाही, एकाच्या बदल्यात दहा मारायचे नाहीत, आणि माफ करणे श्रेष्ठ. सूरह बकरामध्ये माफीचा विषय येतो तेव्हा मृताच्या वारसाला मारेकऱ्याचा ‘भाऊ’ म्हटले आहे. वहाणेच्या वादीचा हिशेब मांडणाऱ्या समाजात हा एक शब्द किती जड होता, याची कल्पना करावी.

खुद्द प्रेषितांनाही या हाकेला तोंड द्यावे लागले. इ.स. 625 मध्ये उहुदच्या लढाईत त्यांचे चुलते हजरत हमजा यांना वहशीने भाला मारून ठार केले आणि त्यांच्या देहाची विटंबना झाली. तो देह पाहून, संधी मिळाली तर कुरैशच्या तीस जणांची अशीच गत करीन, असे शब्द त्यांच्या तोंडून गेले, असे इब्न इस्हाकच्या सीरतमध्ये आहे. त्यानंतर सूरह नहलच्या अखेरच्या आयती आल्या, असे परंपरा सांगते. शिक्षा करायची तर जेवढे सोसले तेवढीच, आणि सबुरी धरली तर ते अधिक चांगले, असा त्यांचा आशय. त्यांनी सबुरी धरली आणि प्रेतांची विटंबना करण्यास कायमची मनाई केली. पाच वर्षांनी मक्का जिंकल्यावर वहशी समोर आला, त्याने इस्लाम स्वीकारला. त्याला अभय मिळाले. पण, तुझा चेहरा मला दिसू देऊ नकोस, एवढेच त्याला सांगण्यात आले. या तपशिलात मला फार मोठे सत्य दिसते. क्षमा केली म्हणजे दुःख संपले, असे नव्हे. दुःख आपल्या जागी राहते, त्याच्या हातातली तलवार तेवढी काढून घेतलेली असते.

मक्का जिंकल्यानंतर लगेच, इ.स. 630 मध्ये, मित्रपक्षातल्या खुजाआ टोळीने जुन्या वैरातून हुजैल टोळीचा एक माणूस मारला. प्रेषितांनी त्यांना सुनावले, आता खून पुरे झाले, आणि त्या मृताची दियत स्वतः भरली. हरिम आणि हारिस यांनी जे एकदा केले, ते आता राज्याचे काम झाले.

आणि मग हिजरी 10, म्हणजे इ.स. 632. अरफातच्या मैदानातले अखेरच्या हजचे प्रवचन. अज्ञानयुगातली सर्व रक्ताची देणी मी रद्द करतो आहे, असे त्यांनी जाहीर केले. असे जाहीरनामे राजे काढतातच. पण पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. रद्द होणारे पहिले देणे आमच्या घरचे आहे, रबीआ बिन अल-हारिसच्या मुलाचे. हा मुलगा दूधपिता होता. बनू सअद टोळीत दाईकडे वाढत असताना हुजैलच्या लोकांकडून मारला गेला. रबीआ हा प्रेषितांचा सख्खा चुलतभाऊ आणि तो तेव्हा हयात होता. म्हणजे हक्क जिवंत होता, हक्क बजावण्याची ताकद तर सगळ्या अरबस्तानात आता याच घराजवळ होती. मारला गेला होता तो काही सरदार नव्हता, कुणाचा शत्रू नव्हता. यापेक्षा निरपराध रक्त कोणते? आणि नेमके तेच सोडून दिले.

दुसऱ्याला क्षमा शिकवणारे पुष्कळ असतात. ज्याचा दावा सर्वांत बळकट आहे त्याने आधी आपला दावा सोडावा, तेव्हाच इतरांना आपला सोडताना नामुष्की वाटत नाही.

सदरा, कविता आणि कफन

पण पक्षी गेला म्हणावे तर चोवीस वर्षांतच तो वेगळ्या रूपात परतला. इ.स. 656 मध्ये खलीफा हजरत उस्मान यांची मदीनेत हत्या झाली. त्यांचा रक्ताळलेला सदरा आणि त्यांची पत्नी नाइला यांची तुटलेली बोटे दमास्कसला नेण्यात आली आणि मशिदीत लोकांना दाखवण्यात आली. मारेकऱ्यांना शिक्षा झाल्याशिवाय बायकांजवळ जाणार नाही, बिछान्यावर झोपणार नाही, अशा शपथा लोकांनी घेतल्याचे तबरीच्या इतिहासात येते. इम्रउल कैसच्या शपथेचाच हा प्रतिध्वनी. खुनाचा न्याय व्हावा ही मागणी अयोग्य नव्हती. पण न्यायाची मागणी सदऱ्याच्या रूपाने मिरवली जाऊ लागली की ती कोणाच्या हातात जाते, हे पुढच्या वर्षी सिफ्फीनच्या मैदानात दिसले. दोन्ही बाजूंनी नमाज पढणारेच मेले. आजही अरबीत एखाद्या दुःखाचे राजकीय भांडवल करण्याला ‘उस्मानचा सदरा’ म्हणतात.

कुलैब आणि मुहलहिलही मेलेले नाहीत. इजिप्तचा कवी अमल दुन्कुल याने 1976 मध्ये मरणाऱ्या कुलैबच्या तोंडी एक दीर्घ कविता घातली. तिच्या शीर्षकाचा अर्थ आहे ‘सलोखा करू नकोस’. इस्रायलशी तडजोडीचे वारे वाहत असताना ती अरब जगात गाजली आणि अन्यायाच्या प्रत्येक नव्या प्रसंगी ती पुन्हा आठवली जाते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. चोर आणि धनी यांच्यात सलोखा करा असे सांगणे हा सलोखा नव्हे, हे तिचे म्हणणे विचार करायला लावते. हामाचा प्रतिकार म्हणजे अन्याय गिळणे नव्हे, एवढे भान या कवितेमुळे राहते. 2000 साली सीरियात मुहलहिलच्या जीवनावर दूरदर्शन मालिका निघाली, तीही घरोघरी पाहिली गेली.

त्याच इजिप्तच्या दक्षिणेकडील सईद भागात खुनाचा सूड आजही घेतला जातो. तिथे काही घराणी बदला घेईपर्यंत मृताचा शोक स्वीकारत नाहीत, सांत्वनाला आलेल्यांना परत पाठवतात. पण त्याच भागात एक दुसरी रीतही आहे. मारेकरी स्वतःचे कफन दोन्ही हातांवर घेऊन, गावापुढे, मृताच्या घरच्यांकडे चालत जातो. म्हणजे, मी मेलो आहे, मारायचे तर मारा. घरच्यांनी कफन स्वीकारले की वैर संपते. हा समारंभ गुपचूप होत नाही. मधे जाणती माणसे असतात, दियत ठरलेली असते, हजारो लोक साक्षीला असतात. बुजैर जसा गेला होता, तसाच हा माणूस जातो. पण आता त्याच्यामागे सगळा गाव उभा असतो.

आपल्याकडेही अशी एक हाक आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘काका, मला वाचवा’ ही त्यांची हाक वाड्यात अजून ऐकू येते, असे पुण्यात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. हामा रक्त मागतो, ही हाक वाचवायला सांगते, एवढा फरक आहे. पण न्याय न झालेला मृत गप्प बसत नाही, ही जाणीव दोन्हीकडे एकच. त्या हाकेला कुणी उत्तर दिले? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, असे मराठी मनाने जपून ठेवले आहे. इथेही हाक थोपवायला तलवार पुढे आली नाही, न्यायासन पुढे आले.

खेळातला फासा आणि जुल-खलसाचे बाण यांत फारसे अंतर नाही. दोन्हींत सुटका दैवाकडून येते. इतिहासात ती तशी आलेली दिसत नाही. हारिस बिन उबाद एकटा होता, म्हणून हरला. अब्स आणि जुब्यानच्या वेळी दोन माणसांनी दुसऱ्यांच्या खुनांचे पैसे भरले. अरफातवर बलवानाने आपले पहिले देणे सोडले. सईदमध्ये एक माणूस कफन घेऊन चालतो आणि गाव साक्ष देतो. प्रत्येक वेळी कुणीतरी किंमत मोजली, आणि मोजलेली किंमत मान्य करायला लावणारी माणसे मधे उभी होती.

आपल्या काळात हामा बसलेला नाही अशी कबर क्वचितच सापडेल. देशांच्या, जातींच्या, जमातींच्या जुन्या खुनांची यादी प्रत्येकाजवळ तयार आहे आणि मसऊदीने नोंदवल्याप्रमाणे तो पक्षी वाढतच जातो. मृतांना न्याय मिळाला पाहिजे, त्यासाठी न्यायालये, भरपाई, साक्षी, सगळे हवे. पण मृतांना तहान लागत नाही. तहान लागते ती जिवंतांना, आणि ती रक्ताने आजवर कधी भागलेली नाही.